तळहातावरच्या खुणा

थंडी पडली की लोकांना हुरडा आठवतो, शेकोटी आठवते. मला माझ्या वडिलांचा उजवा तळहात आठवतो आणि त्यावर निळ्या बॉलपेननं मीच काढलेले सात ठिपके. परवा सकाळी आईचा फोन आला. "इकडं लई गार पडलंय गं. अप्पांची बोटं पुन्हा निळी पडायलीत." पुण्यात गॅलरीत चांगलं कोवळं ऊन होतं, हातात चहाचा कप होता, तो मी तसाच कठड्यावर ठेवून दिला. नस तुटलेल्या हाताला थंडी सोसत नाही हे मी कितीतरी वर्षं पुस्तकात वाचत आले आहे, दुसऱ्यांना शिकवतही आले आहे. पण आपल्या माणसाची निळी बोटं स्वतःच्या पदरात धरून चोळायची वेळ मागच्या हिवाळ्यात आली.

आमचं गाव परांडा तालुक्यात, सोनारीच्या अलीकडं. अप्पांची खव्याची भट्टी आहे. दिवाळी उलटली की म्हशी दुधाला भरात येतात, पुढं लग्नसराई असते, आणि मग दिवस उजाडायच्या आत कढया चढतात. लहानपणी माझा अभ्यास त्या भट्टीच्या उबेला बसूनच झाला. दप्तराला, वह्यांना, माझ्या वेण्यांना दुधाच्या वाफेचा वास यायचा आणि वर्गातल्या पोरी मला 'खवाबाई' म्हणायच्या. मीही काही कमी नव्हते, मी त्यांच्या वेण्या बाकाला बांधून ठेवायचे.

अप्पांना घड्याळ लागत नसे. कढईतलं दूध आटून लगद्यासारखं झालं की ते उलथन्याच्या टोकावरचा कणभर खवा उचलायचे, अंगठा आणि पहिल्या बोटात धरून एकदाच चोळायचे, आणि म्हणायचे, "उतरवा." कधी म्हणायचे, "अजून दोन हात मारा." दाणा पडला का, तूप सुटायला लागलं का, पाणी किती राहिलंय, हे सगळं त्यांना त्या दोन बोटांत कळायचं. मी पुढं मोठमोठी यंत्रं पाहिली, पण अप्पांच्या बोटांइतकं भरवशाचं यंत्र अजून तरी पाहिलेलं नाही. मुलगी म्हणून म्हणत नाही, खवा खाणारी म्हणून म्हणते.

त्याच बोटांवर घाला आला. पोळा होऊन आठवडा झाला असेल. दुपारी वारं सुटलं आणि भट्टीवरचा पत्रा उचकटला. खाली आई बसलेली, म्हणून अप्पा तो धरायला धावले. पत्र्याची धार मनगटाच्या आतल्या बाजूनं गेली. दवाखान्यात टाके घातले, नस शिवली, आणि सांगितलं की आता वाट बघायची. जखम भरली, पट्टी निघाली. पण अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट आणि त्यांच्याखालचा तळवा बधिर. अप्पा डाव्या हातानं उजवा हात उचलून बघायचे आणि म्हणायचे, "हात हाय, पर माझा न्हाय. दुसऱ्याच कुणाचा तरी धरून बसल्यावानी वाटतंय."

आणि नेमकी त्यांची लेक कसलं काम करते, तर नसांचंच! पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी चेतापेशी वाढवते. कोंबडीच्या अंड्यातल्या न जन्मलेल्या पिलाच्या पेशी काचेच्या बशीत ठेवायच्या, त्यांना धागे फुटू द्यायचे, मग ते धागे तोडायचे आणि पुन्हा कसे वाढतात ते सूक्ष्मदर्शकातून तासन् तास बघत बसायचं. आमचं घर माळकरी. आईला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "अंडी फोडायलाच जायचं होतं, तर एवढं शिकलीस कशाला गं?" तिला उत्तर देता देता माझी फे फे उडाली. पण पत्रा लागल्यानंतर तीच आई शेजारणीला सांगायची, "आमची पोरगी नसांचीच डाक्टर हाय, काय काळजी न्हाय." मी डॉक्टर आहे, पण पीएचडीची, कागदावरची. हे मी तिला तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

नस तुटली की तुटीच्या पुढचा सगळा धागा मरतो. त्याचा चुरा होतो, शरीर तो हळूहळू साफ करतं, आणि मागं रिकामी नळी राहते. मग मनगटाकडचं जिवंत टोक त्या नळीतून पुन्हा वाढत निघतं. दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे महिनाभरात दोन बोटांएवढं. आणि ते टोक कुठवर आलं ते बाहेरून कळतं. हातावर बोटानं टिचकी मारत पुढं जायचं. जिथं वाढतं टोक असेल तिथं टिचकी बसली की बोटांकडं झण्णकन मुंग्या जातात. बस्स, एवढी सोपी परीक्षा.

दसऱ्याला घरी गेले तेव्हा मी पेन काढलं. मनगटावर, शिवलेल्या जागी टिचकी मारली. अप्पा दचकले. "व्हय, मुंग्या आल्या!" आईनं देवाला हात जोडले. मला असं काही स्फुरण चढलं की विचारू नका. मी पट्टी घेतली आणि मनगटापासून पहिल्या बोटाच्या बुडापर्यंत ओळीनं सात ठिपके काढले. पंधरा दिवसांना एक ठिपका. "अप्पा, हा वसूबारसेचा. हा त्याच्या पुढचा. आणि हा शेवटचा संक्रांतीचा. तिळगूळ घ्यायला मुंग्या इथं आल्या पाहिजेत." अप्पा हसले. म्हणाले, "मुंग्यांस्नी आमंत्रण धाडलंयस जणू." आंघोळीनंतर शाई पुसट व्हायची, तर आई रोज ठिपके पुन्हा गिरवायची, उंबऱ्यावरची रांगोळी काढावी तशी.

वसूबारसेला पहिल्या ठिपक्यावर टिचकी मारली. अप्पा म्हणाले, "न्हाय." पुन्हा मारली. "न्हाय गं माय." आईनं पान वाढलं, मी डोकं दुखतंय म्हणून उठले आणि ओसरीवर जाऊन बसले. बार्शीच्या एस्टीत उभ्यानं आलेले, पाय भरून आलेले, आणि डोक्यात एकच, की टोक निघालंच नसेल तर? अप्पा आतून माझ्याकडं बघत होते ते मला दिसलं होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

पुढच्या खेपेला दोन्ही ठिपक्यांवर "व्हय." त्याच्या पुढच्या खेपेला तिसऱ्यावर "व्हय." मी इतकी खूश झाले की भट्टीवर बसून पावशेर खवा नुसताच खाल्ला.

तो हिवाळा मला असा तुकड्यातुकड्यांनी आठवतो. परांड्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांनी ज्वारी पोटऱ्यात आलेली. एस्टीच्या खिडकीची काच बसत नाही म्हणून कानाला गुंडाळलेली ओढणी. फाट्यावर उतरले की घरापर्यंत चालताना छातीत धडधड, अगदी निकालाच्या दिवशी व्हायची तशी. अप्पा अंगणात खाटेवर हात पुढं करून बसलेले. मी चप्पल काढायच्या आधी विचारणार, "काय अप्पा?" आणि ते म्हणणार, "बघ की तूच." टिचकी. मग "व्हय." मग आईचा चहा. पुण्याला परत गेले की कागदावर एक बिंदू पुढं सरकवायचा. बिंदू जोडून रेघ आली होती, पट्टीनं मारल्यासारखी सरळ. माझ्या हाताखालच्या एखाद्या विद्यार्थ्यानं अशी रेघ आणली असती तर मी त्याला तिथल्या तिथं विचारलं असतं, "बाबा रे, प्रयोग केलास, की घरी बसून काढलीस?" जिवंत गोष्ट इतकी सरळ कधी वाढत नाही. एवढी अक्कल मला होती, पण मी ती घरी जाताना पुण्यातच ठेवून जायचे.

डोळे मात्र सोबतच होते ना? अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा उतरत चालला होता. दर खेपेला तिथं थोडी जास्त खळगी. मला दिसत होतं. मी स्वतःला समजावत होते, स्नायू उशिरानं भरतो, आधी मुंग्या, मग स्पर्श, मग ताकद. आई एकदा चुलीपुढं हळूच म्हणाली, "मला न्हाय बाई काय फरक वाटत. परवा कपबशी सुटली हातातनं." मी तिच्यावरच खेकसले. "तुला काय कळतं गं त्यातलं?" आईनं चुलीत लाकूड पुढं सारलं. तिला सगळ्यांत जास्त कळत होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मी सातवा ठिपका तपासायला गेले. अप्पांचा हात हातात घेतला आणि तळव्याच्या मधोमध रुपयाएवढा फोड दिसला, फुटलेला, कडेनं काळपट.

"हे काय अप्पा?"

"कढईच्या कानाला लागला वाटतं."

"कधी?"

ते घुटमळले. आईनं आतून सांगितलं, "चार दिस झाले. चमडं जळाल्याचा वास आला म्हणून म्या वरडले, तवा हात काढला त्यांनी."

फोड तिसऱ्या आणि चौथ्या ठिपक्याच्या मध्ये होता. मुंग्या तिथून पुढं गेल्या म्हणजे लगेच चटका कळेलच असं नाही, शास्त्र तसं सांगत नाही. मी शास्त्राचाच आधार घेऊन अजून थोडा वेळ स्वतःला फसवू शकले असते. पण अप्पा माझ्याकडं बघत नव्हते. ते खाटेच्या सुतळीकडं बघत होते.

मी त्यांना डोळे मिटायला सांगितलं. डोळ्यांवर त्यांचाच पंचा बांधला. मनगटावर टिचकी मारली. ते दचकले. "व्हय." मग मी हात मागं घेतला आणि त्यांच्या हातापासून चांगली वीतभर लांब, खाटेच्या लाकडी गात्यावर, म्हणजे कडेच्या दांड्यावर, टिचकी मारली. टक् असा आवाज झाला.

"व्हय," अप्पा म्हणाले. "आल्या. बोटापतूर आल्या."

मी पुन्हा गात्यावर मारली.

"व्हय व्हय."

आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी पंचा सोडला तेव्हा माझा हात खाटेच्या गात्यावर होता, आणि अप्पांनी तो बघितला. एवढा मोठा माणूस, साठी ओलांडलेला, सगळा गाव ज्यांच्या शब्दावर दूध घालतो. शाळेत कॉपी करताना धरल्यासारखं त्यांचं तोंड झालं.

मी रागावले. खोटं कशाला सांगू, बापावर रागवायचं नसतं हे मला माहीत आहे, तरी मी ओरडले. "तीन महिने, अप्पा! तीन महिने तुम्ही मला काय सांगत होता? नस वाढत नव्हती तर तेव्हाच पुन्हा उघडून बघता आलं असतं! हा काय माझ्या शाळेचा गृहपाठ होता का, बरोबरच यायला पाहिजे?"

अप्पांनी पंचा खांद्यावर टाकला. मग म्हणाले, "तू सासरचं घर, नोकरी, समदं टाकून येतीस. पहिल्या बारीला न्हाय म्हणलो, तर उपाशी उठलीस पानावरनं. लेक माहेराला आली, तिला न्हाय म्हणून कसं लावून द्यायचं गं माय? आमच्यात न्हाय तसं. आन् कुठं व्हय म्हणायचं ते तूच तर काढून ठिवलं होतंस हातावर."

खरंच आमच्यात तशी रीत नाही. माहेरी आलेल्या लेकीनं काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही. साडी, लोणचं, शेंगदाण्याचं गाठोडं, जे मागेल ते. घरात नसेल तर शेजारून आणून द्यायचं. मी अप्पांकडं 'व्हय' मागत होते. पंधरा दिवसांना एक. त्यांनी ते कुठून तरी आणून दिलं. आणि चूक त्यांची नाहीच. उत्तर आधी लिहून मग प्रश्न विचारायचा, एवढा बिनडोकपणा माझ्या प्रयोगशाळेत शिपायानंही केला नसता. मी तो बापाच्या तळहातावर केला. मला अजूनही त्याची लाज वाटते.

त्याच आठवड्यात अप्पांना सोलापूरला नेलं. तिथल्या सर्जनबाई स्वभावानं रोखठोक होत्या. त्यांनी सुया टोचून विजेची तपासणी केली आणि म्हणाल्या, "शिवलेल्या जागी गाठ झालीय. टोकं तिथंच गुंता करून बसलीत, पुढं एकही गेलेलं नाही." मग माझ्याकडं बघितलं. "तुम्ही यातल्याच ना? इतका उशीर कसा केला?" मी मान खाली घातली. अप्पा पटकन म्हणाले, "तिचं काय न्हाय मॅडम, म्याच आळस केला." म्हणजे तिथंही तेच! मला हसावं की रडावं कळेना. बाईंनी सांगितलं, गाठ कापायची, पोटरीच्या मागची एक नस काढायची आणि मनगटातल्या फटीत जोडायची. पाऊल बाहेरच्या अंगानं कायमचं थोडं बधिर राहील. अंगठ्याचं मांस परत भरेल असं त्यांनी सांगितलं नाही. "स्नायू जास्तीत जास्त वर्ष-दीड वर्ष नसेची वाट बघतो. त्यातले पाच महिने तुम्ही घालवलेत. स्पर्श येईल कदाचित. कदाचित, हं."

अप्पा म्हणाले, "पायाची नस हातात लावणार व्हय? मग हात हिंडाया लागंल माझा." बाई हसल्या. मला हसू आलं नाही.

महाशिवरात्रीच्या आसपास शस्त्रक्रिया झाली. बाहेर बाकावर आई आणि मी. आई जपमाळ ओढत होती आणि मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा. सांगितलेल्या वेळेपेक्षा दीड तास जास्त लागला. दार उघडून परिचारिका बाहेर यायची, आम्ही दोघी उभ्या राहायचो, ती दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घ्यायची, आम्ही खाली बसायचो. असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा बाई स्वतः आल्या आणि म्हणाल्या, फट वाटली होती त्याहून मोठी निघाली, पण जोडलंय. आईनं विचारलं, "कळंल का त्यांस्नी आता हाताला?" बाई म्हणाल्या, "मला आज सांगता येणार नाही." आईला ते उत्तर आवडलं नाही. मला मात्र त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

पुण्यात परतल्यावर मी पहिल्यांदाच माझ्या बशीतल्या पेशी नीट बघितल्या असं मला वाटतं. वाढत्या धाग्याचं टोक पंजासारखं पसरलेलं असतं. ते एका अंगाला चाचपतं, मागं येतं. दुसरीकडं चाचपतं, थांबतं, आक्रसतं, पुन्हा निघतं. दहा ठिकाणी वाट नाही म्हणून परततं तेव्हा एका ठिकाणी पुढं सरकतं. आम्ही लेख लिहितो तेव्हा ती मागं येणारी पावलं गाळून सरासरी काढतो आणि एक मिलिमीटर म्हणून मोकळे होतो. ती सरासरी मी घरी घेऊन गेले होते.

नंतरचे नियम मी केले आणि त्यांना अप्पांचीही कबुली घेतली. हातावर एकही ठिपका काढायचा नाही. डोळ्यांवर पंचा बांधायचा. टिचकी आईनं मारायची, कारण टोक कुठं असायला पाहिजे ते तिला ठाऊक नाही. मधूनच हात न लावता नुसतं विचारायचं. आणि मी समोर बसायचं नाही, अप्पांच्या पाठीमागं बसायचं.

चैत्रात मनगटाच्या पुढं दोन बोटं अंतरावर मुंग्या आल्या. मग काहीच नाही. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. पेरण्या झाल्या, सोयाबीन गुडघ्याएवढं झालं, अप्पांचं उत्तर तेच. "न्हाय." आईची टिचकी, "न्हाय." टिचकी, "न्हाय." मी पाठीमागं बसून ओठ चावायचे. त्यांच्या मानेवरून मला कळायचं, 'व्हय' अगदी जिभेवर येतंय आणि ते गिळतायत. भट्टीवर आता आई बसते. अप्पा शेजारी बसून डाव्या बोटांनी खवा चोळतात, चेहरा वाकडा करतात, दोनदा अख्खी कढई करपली. सर्जनबाईंनी फोनवर सांगितलं, या हिवाळ्यापर्यंत तळव्याला टोचलेलं कळलं नाही, तर फार आशा ठेवू नका.

म्हणून परवा आईनं निळ्या बोटांचं सांगितलं आणि मी त्याच शनिवारी निघाले. रविवारी सकाळी ऊन अंगणात आल्यावर खाट ओढली. पंचा बांधला. मी पाठीमागं बसले. आई टिचकी मारून मारून कंटाळली होती. तिनं काय केलं, तर केसातला आकडा उपसला आणि त्याच्या टोकानं तळव्यावर हळूहळू टेकवत निघाली. "न्हाय. न्हाय." मग नुसतंच विचारलं, न टेकवता. "न्हाय." पुन्हा टेकवला. "न्हाय." आईचा हात तळव्याच्या मधोमध आला आणि वैतागून तिनं जरा जोरातच दाबलं.

अप्पांचा हात झटकन मागं आला. त्यांनी आणला नाही, तो आला.

"आगं ए! टोचतंय की! हात हाय का पोतं हाय ते?"

आईच्या हातातून आकडा पडला. अप्पा तसेच, पंचा बांधलेला, तोंड उघडं, उजवा हात छातीशी धरलेला. मग आई खाली बसली आणि मोठ्यानं रडायला लागली, आणि अप्पा आंधळ्यासारखे चाचपडत विचारायला लागले, "काय झालं? अगं, काय झालं? खरंच टोचलं मला. खरं सांगतोय."

मी उठून त्यांच्या पुढ्यात बसले. पंचा तसाच राहू दिला. त्यांचा हात माझ्या हातात घेतला. खाली पडलेला आकडा उचलला. मी त्यांच्या पहिल्या बोटाच्या टोकावर आकडा टेकवला.

"अप्पा, इथं?"

त्यांनी मान वळवली. माझा आवाज ओळखला, मी समोर आहे हे त्यांना कळलं.

"न्हाय," ते म्हणाले.

"बरं," मी म्हटलं, आणि तसंच लिहून घेतलं.